एव्हान्सचें प्यादें

बुद्धिबळाच्या प्रसिद्ध डावांचे जे संग्रह आजवर निघाले आहेत, त्यांपैकीं बहुतेकांत अँडरसन व ड्यूफ्रेन यांचा १८५२ सालचा बर्लिन येथील डाव असतोच असतो. डावासोबत पटाची एक आकृतीही छापलेली असते, आणि ती हटकून एकाच क्षणाची असते. पांढऱ्याचा वजीर शत्रूच्या गोटांत शिरून स्वतःस मारून घेण्याच्या बेतांत आहे, काळ्याच्या राजाला तो घेणें भाग आहे, आणि त्यानंतर तीन खेळ्यांत मात आहे. वाचक ती आकृती पाहतो, वाहवा करतो, आणि पान उलटतो. त्या डावाचा आरंभ कोणत्या प्रकारचा होता हें त्यास विचारलें, तर शंभरांतील नव्वदांस सांगतां येणार नाहीं. संग्रहकारांसही त्याची फारशी चाड दिसत नाहीं. डावाच्या माथ्यावर ‘एव्हान्स गँबिट’ एवढीं दोन अक्षरें टाकलीं कीं त्यांचें कर्तव्य संपतें.

ही रसिकता आम्हांस अपुरी वाटते, एवढेंच नव्हे तर ती चुकीच्या जागीं मान डोलविते असें आमचें स्पष्ट मत आहे. चढाईचा खेळ ज्यास म्हणतात तो शेवटच्या तीन खेळ्यांत नसतो. त्या खेळ्या बहुधा सक्तीच्या असतात. त्या सांपडण्यास तीव्र दृष्टि लागते हें खरें, परंतु पट तशा स्थितीला येऊन पोंचल्यावर त्या कोणाही चांगल्या खेळाडूस सांपडाव्या अशाच असतात. प्रश्न असा कीं पट तशा स्थितीला आला कसा? या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां टीकाकारास डावाच्या आरंभाकडे वळावें लागतें, आणि चढाईच्या परीक्षेला एव्हान्सच्या गँबिटाइतकें सोईचें उदाहरण दुसरें नाहीं. त्याचें वय दोनशें वर्षांच्या घरांत आहे. त्यास डोक्यावर घेणारे झाले, त्यास मोडीत काढणारे झाले, आणि मोडीत निघाल्यावर शंभर वर्षांनीं त्याच्याच बळावर एका जगज्जेत्यानें आपल्या विश्वनाथन आनंदास पंचवीस खेळ्यांत हरविल्याचेंही उदाहरण झालें.

प्रथम मूळ वस्तु पाहूं. दोन्ही बाजूंनीं राजापुढचें प्यादें दोन घरें पुढें घालावें, पांढऱ्यानें राजाच्या बाजूचा घोडा काढावा, काळ्यानें वजिराच्या बाजूचा घोडा काढून आपल्या प्याद्यास जोर द्यावा, नंतर दोघांनीं आपापले राजाच्या बाजूचे उंट चौथ्या पट्टींत आणून ठेवावे. या आरंभास इटालियन लोकांनीं फार पूर्वीं ‘जुओको पियानो’, म्हणजे शांत खेळ, असें नांव दिलें आहे. नांवाप्रमाणेंच येथून पुढें सावकाशीनें खेळण्याची वहिवाट होती. विल्यम डेव्हिस एव्हान्स नांवाचा वेल्समधील एक जहाजाचा कप्तान १८२७ च्या सुमारास लंडनमध्यें मॅक्डोनेल या नामांकित खेळाडूशीं खेळत असतां या शांत जागीं त्यानें वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचें प्यादें दोन घरें पुढें सारलें आणि तें काळ्याच्या उंटाच्या तोंडीं दिलें. मॅक्डोनेल हरला, पण हरल्यावर त्यानें तें हत्यार स्वतःच उचललें, आणि १८३४ साली लंडन येथें ला बोर्दोने या फ्रेंच वीराशीं झालेल्या पंच्याऐंशीं डावांच्या प्रचंड झुंजींत तें चालविलें. फ्रेंच वीरानेंही तें लवकरच शिकून घेतलें व उलट मॅक्डोनेलवरच फिरविलें. एव्हान्स कप्तानाच्या नांवावर जहाजांनीं रात्रीं एकमेकांवर आदळूं नये म्हणून लावावयाच्या तीन रंगांच्या दिव्यांची युक्तिही आहे. टक्कर टाळण्याची सोय करणारा आणि टक्कर घडविण्याची सोय करणारा हा एकच मनुष्य होता, ही योगायोगाची गोष्ट येथें जातां जातां नमूद करून ठेवतों.

गँबिट हा शब्द मुळांत कुस्तीच्या आखाड्यांतला. इटालियन भाषेंत पायाला जो शब्द आहे त्यापासून तो निघाला, आणि त्याचा अर्थ प्रतिपक्ष्याच्या पायांत पाय घालून त्यास पाडणें, म्हणजे आमच्या तालमींत ज्यास टांग मारणें म्हणतात त्याच जातीचा. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकानें १५६१ च्या आपल्या ग्रंथांत तो बुद्धिबळाला लावला. टांग मारणाऱ्या पैलवानास क्षणभर एकाच पायावर उभें राहावें लागतें, हें ज्यानें कुस्ती पाहिली आहे त्यास सांगावयास नको. टांग फसली तर तोच चीत होतो. गँबिटाचें सारें साहस आणि सारा धोका या एका शब्दांत आला आहे.

आतां हें प्यादें देऊन मिळतें काय? काळ्याचा उंट तें घेतो. लगेच पांढरा शेजारचें, उंटापुढचें, प्यादें एक घर सरकवितो आणि त्या उंटावर मारा करतो. उंटास हालणें भाग पडतें. ज्या एका खेळींत उंट पळतो ती खेळी पांढऱ्यानें विकत घेतलेली आहे. कारण तें प्यादें त्या घरांत त्यास यावयाचेंच होतें, त्याशिवाय पटाच्या मध्यभागीं वजिरापुढचें प्यादें दोन घरें रेटून तेथें ठाण मांडतां येत नाहीं. शांत खेळांत हेंच काम स्वतःच्या वेळानें करावें लागतें. येथें तें शत्रूच्या वेळानें होतें. हा सौद्याचा पहिला भाग. दुसरा भाग पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, आणि आमच्या मतें तोच अधिक मोलाचा आहे. घोड्यापुढचें प्यादें गेल्यामुळें वजिराच्या बाजूच्या उंटास एक नवी तिरपी वाट मोकळी होते. पटाच्या अगदीं कडेला जाऊन बसलें कीं तेथून त्याची नजर थेट काळ्याच्या राजाच्या अंगणांत पोंचते. वजीरही घोड्यापुढच्या पट्टींत तिसऱ्या घरांत येऊन, ज्या एका प्याद्याला राजाखेरीज दुसऱ्या कोणाचा जोर नाहीं, त्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर पांढऱ्या उंटाच्या मदतीस उभा राहतो. एका प्याद्याच्या किंमतींत एक खेळी, मध्यभाग आणि दोन वाटा. भाव महाग कीं स्वस्त, याविषयींच दोनशें वर्षें वाद चालला आहे.

आमच्याकडील जुन्या देशी पद्धतीच्या खेळांत हा वाद उत्पन्नच झाला नसता. त्या पद्धतींत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर चालतें. सैन्यें एकमेकांस भिडेपर्यंत दोन्ही पक्षांस आपापली मांडणी निवांत करून घेण्यास अवसर मिळतो. त्यामुळें आमच्या जुन्या खेळाडूंची बुद्धि डावाच्या मध्यांत व अखेरींत चालली, प्यादेमातीसारख्या कठीण गोष्टींत ती रमली, परंतु आरंभींच वाट फोडण्याची कला तिला अपरिचित राहिली. पंजाबचा मीर सुलतान खान १९२९ साली विलायतेस गेला तो याच पद्धतींत वाढलेला होता. त्यानें १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वेळां ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलें; तरीही डावाचा आरंभ हीच त्याची दुबळी बाजू म्हणून जाणते बोट दाखवीत. एकेका खेळीची किंमत प्याद्यांत मोजण्याचा हिशेब आमच्या पटावर कधीं शिकविलाच गेला नव्हता. तात्पर्य, एव्हान्सचें प्यादें आमच्या रसिकांस नुसतें बलिदान म्हणून भावतें, व्यापार म्हणून कळत नाहीं, याचें एक कारण आमच्या जुन्या सवयींतही असावें.

हें ध्यानांत ठेवून बर्लिनच्या डावाकडे पुन्हां वळूं. अँडरसन हा ब्रेस्लौ येथील गणिताचा शिक्षक. १८५१ साली लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत तो पहिला आला होता. ड्यूफ्रेन हाही कोणी गांवढळ नव्हे. पुढें बुद्धिबळावरील एका लोकप्रिय पाठ्यपुस्तकाचा तो कर्ता झाला. पांढऱ्यानें किल्लेकोट केल्यावर ड्यूफ्रेननें आणखी प्यादीं घेण्याचा मोह आवरला व आपलें प्यादें पुढें सारून मध्येंच अडथळा उभा केला. नंतर त्याचा वजीर बाहेर आला, त्यावर पांढऱ्याचें राजाचें प्यादें चालून गेलें व वजिरास जागा बदलावी लागली. आणि अकराव्या खेळीला अँडरसननें आपला वजिराच्या बाजूचा उंट त्या नव्या वाटेनें पटाच्या कडेला नेऊन ठेवला.

वाचकांनीं येथें थांबावें. हा उंट तेथें ठेवल्यापासून एकदांही हालत नाहीं. पुढें वजीर इकडून तिकडे जातो, घोडा शत्रूच्या प्याद्यांत शिरून मरतो, हत्ती मरतो, शेवटीं वजीरही मरतो. हा आपला कडेला बसून असतो. आणि चोविसाव्या खेळीला मात जी होते ती याच उंटानें. ज्या वाटेनें तो मात देतो ती वाट चौथ्या खेळीला दिलेल्या प्याद्यानें मोकळी केलेली आहे. संग्रहकार वजिराच्या मरणाची आकृती छापतात. पण त्या मरणाला ज्यानें अर्थ आणला तो उंट आकृतींत अगदीं कडेला, कोणाच्या नजरेंत न भरेल असा उभा असतो. या डावांत खरें सौंदर्य कोठें असेल तर तें या वीस खेळ्यांच्या अंतरांत आहे. दिलेलें प्यादें आणि झालेली मात यांमध्यें एक तिरपी रेघ आहे, ती ज्यास दिसली त्यानें हा डाव पाहिला.

स्टाइनिट्झनें या डावाला सदाहरित म्हटलें आणि तेंच नांव त्यास कायमचें चिकटलें. परंतु सदाहरित पानावरही किडीचें एक भोंक आहे, आणि त्याविषयीं गप्प बसणें टीकाकाराला शोभणार नाहीं. एकोणिसाव्या खेळीला अँडरसननें दुसरा हत्ती वजिराच्या पट्टींत आणला. काळ्याच्या वजिरानें घोडा घेऊन मातीची धमकी दिलेली चालेल, पण हत्ती आणावयाचाच, असें या खेळीचें धाडस. पिढ्यान् पिढ्या ही खेळी अद्‍भुत म्हणून गाइली गेली. तथापि पुढील विश्लेषकांनीं बारकाईनें पाहिल्यावर असें दिसून आलें कीं, काळ्यानें घोड्याचा लोभ न धरतां वजीर त्याच पट्टींत दोन घरें पुढें सरकविला असता, तर पांढऱ्याचा विजय मुळींच ठरलेला राहत नव्हता. आणि पांढऱ्यानेंही हत्तीऐवजीं आपला उंट राजाच्या पट्टींत चौथ्या घरांत आणला असता, तर त्याची चढाई अधिक बळकट झाली असती. आतां तर संगणकाच्या साहाय्यानें हें कोणाही शाळकरी मुलास पडताळून पाहतां येतें.

यावर दोन प्रकारचे लोक दोन प्रकारें बोलतात. एक म्हणतात, तो काळच भावनेचा होता. तेव्हांच्या डावांस हिशेबाची फूटपट्टी लावणें म्हणजे अरसिकपणा. दुसरे म्हणतात, यंत्रानें चूक दाखविली, आतां या जुन्या डावांचें कौतुक पुरे. पहिल्या पक्षाचा युक्तिवाद आम्हांस अँडरसनचा अपमान करणारा वाटतो. तो गणित शिकवून पोट भरणारा मनुष्य. आपल्या खेळीचें समर्थन ‘काळ भावनेचा होता’ या शब्दांत त्यानें कधींही स्वीकारलें नसतें. पटावर चूक ती चूक. दुसऱ्या पक्षाचा दोष वेगळा आहे. एकोणिसाव्या खेळींतील उणीवेवरून तो चौथ्या व अकराव्या खेळींचें मोल ठरवितो. उंटाची वाट मोकळी होती, ती योग्यच होती. ती वाट वापरतांना एके ठिकाणीं घाई झाली. इमारतीच्या एका कमानींत तडा आहे म्हणून पायाही वाईट, असें म्हणणाऱ्या गवंड्यास कोणी कामावर ठेवणार नाहीं.

मात्र येथेंच आमची एक तक्रार उरते, व ती गंभीर आहे. सदाहरित डावाची शोभा शेवटीं प्रतिपक्ष्याच्या लोभावर उभी आहे. ड्यूफ्रेननें घोडा घेतला म्हणून मात झाली. प्रतिपक्ष्यानें चुकावें आणि आपण चमकावें, ही चढाईची एक पायरी झाली. ती शेवटची पायरी मानण्यास आम्ही तयार नाहीं. लोभाची गोष्ट किती टोकाला जाते तें पाहावयाचें असेल तर १९६३ सालचा फिशर व फाइन यांचा न्यूयॉर्कमधील डाव काढावा. तो स्पर्धेंतला नव्हे, घरगुती बैठकींतला. फिशरनें तो आपल्या साठ संस्मरणीय डावांच्या पुस्तकांत घेतला आहे. फाइन हा आरंभांच्या मर्मावर ग्रंथ लिहिणारा पंडित. त्यानें एकामागून एक प्यादीं उचललीं, आणि सतराव्या खेळीला फिशरनें आपला वजीर त्याच्या वजिरासमोर नेऊन उभा केला. घेतला तर पुढच्याच खेळीला उंटानें मात. न घेतला तरी बचाव नाहीं. फाइननें डाव सोडला. डाव गोड आहे, यांत संशय नाहीं. पण त्यांत चढाईची परीक्षा झालेली नाहीं. परीक्षा प्याद्यांच्या भुकेची झाली.

खरी परीक्षा घेतली ती स्टाइनिट्झनें आणि त्याच्या मागून लास्करनें. स्टाइनिट्झचें मत असें कीं, आधीं वरचढपणा साठल्याशिवाय चढाई करण्याचा कोणास अधिकारच नाहीं. प्यादें फुकट मिळत असेल तर घ्यावें, घट्ट धरावें, आणि अंगावर आलेला मारा सोसून शेवटीं तेंच प्यादें जिंकवावें. या मताची कसोटी त्यानें रशियाच्या चिगोरिनशीं खेळून लावली. चिगोरिन एव्हान्सच्या गँबिटाचा निःसीम भक्त. १८८९ साली हवाना येथील सामन्यांत स्टाइनिट्झनें दहा डाव जिंकले, सहा गमावले. परंतु पुढें १८९०-९१ मध्यें तारायंत्रानें दोन डाव खेळले गेले, त्यांत एका डावांत स्टाइनिट्झनें एव्हान्सविरुद्ध आपला लाडका पण विक्षिप्त बचाव मांडला, आणि ते दोन्ही डाव चिगोरिननें जिंकले. सामना एकाकडे व युक्तिवाद दुसऱ्याकडे अशी ही विचित्र स्थिति होती. प्यादें धरून ठेवण्याचा हट्ट स्टाइनिट्झला अनेकदां महागांत पडला. त्याचे मोहरे मागच्या पट्टींत कोंडून बसत आणि त्याच्या अपार सोशिकपणावर सारा भार पडे.

लास्करनें ही गांठ एकाच साध्या विचारानें सोडविली. १८९५ साली लंडन येथें त्यानें व्याख्यानें दिलीं, तीं पुढच्या वर्षीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत हा बचाव आहे. प्यादें घ्यावें, मारा आला कीं उंट कडेला न्यावा, वजिरापुढचें प्यादें एक घर सरकवून मध्यास जोर द्यावा, आणि पांढऱ्यानें किल्लेकोट केल्यावर उंट एक घर मागें आणून स्वस्थ बसावें. पांढऱ्यास आपलें प्यादें परत हवें असेल तर तें खुशाल घेऊं द्यावें. पण तें घेतांना वजिरास वजीर द्यावा लागतो. वजीर पटावरून गेले कीं चढाई संपली, आणि मग पाहावें तों पांढऱ्याच्या वजिराच्या बाजूस दोन प्यादीं शेजाऱ्यावांचून एकाकी उरलेलीं, काळ्याची रांग मात्र अखंड. ज्या प्याद्यासाठीं पन्नास-साठ वर्षें रक्तपात झाला तें लास्करनें हातावरचें पाणी सोडावें तसें सोडून दिलें. पांढऱ्यानें सातव्या खेळीला किल्लेकोट न करतां वजीर बाहेर काढावा, अशी तोड पुढें निघाली, तिनें चढाईंत पुष्कळ धुगधुगी राहते हें मान्य केलें पाहिजे. परंतु मनाचा धीर एकदां गेला तो गेला. विसाव्या शतकांतील बड्या स्पर्धांतून एव्हान्सचें प्यादें जवळजवळ दिसेनासें झालें.

लास्करचा बचाव आम्हांस एखाद्या उत्तम टीकालेखासारखा वाटतो. चढाई करणारा ज्या लोभावर भिस्त ठेवून बसला होता, तो लोभच त्यानें प्रतिवादींतून काढून घेतला. म्हणून यापुढें एव्हान्सच्या गँबिटास जिवंत राहावयाचें तर त्यास असा डाव निर्माण करावयास हवा होता कीं, ज्यांत काळा लोभी नाहीं, मूर्ख नाहीं, प्यादें परत देण्यास राजी आहे, आणि तरीही पांढऱ्याची चढाई टिकते. असा डाव होण्यास शंभर वर्षें लागलीं.

तो डाव १९९५ च्या एप्रिलमध्यें रीगा येथें, त्या गांवचा सुपुत्र मिखाइल ताल याच्या स्मरणार्थ भरलेल्या स्पर्धेंत झाला. पांढरीं मोहरीं जगज्जेत्या कास्पारोवचीं, काळीं आनंदचीं. त्याच वर्षीं पुढें न्यूयॉर्क येथें जगज्जेतेपदासाठीं हे दोघे एकमेकांसमोर बसले. कास्पारोवनें चौथ्या खेळीला कप्तानाचें तें जुनें प्यादें पुढें सारलें तेव्हां आनंदनें तें घेतलें, पण उंट कडेला न ठेवतां राजापुढें मागें घरीं आणला, आणि पांढऱ्यानें मध्यभागीं प्यादें रेटतांच आपला घोडा कडेला नेऊन पांढऱ्या उंटावर मारा केला. मतलब सरळ होता. पांढऱ्यानें मधलें प्यादें घेऊन आपला हिशेब चुकता करावा, त्या बदल्यांत उंट द्यावा, आणि डाव शांत व्हावा. लास्करच्याच जातीचा, निर्लोभी बचाव.

कास्पारोवनें प्यादें घेतलें नाहीं. सातव्या खेळीला त्यानें आपला उंट मागें घेतला, राजापुढच्या घरांत, अगदीं नम्रपणें. सबंध डावांत आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती ही खेळी. येणें असलेलें प्यादें समोर पडलेलें असतां तें न उचलणें, आणि तेंही चढाईचा मुख्य मोहरा मागें सारून! लास्करनें शिकविलेला निर्लोभीपणा येथें चढाई करणाऱ्यानें अंगीकारला आहे. काळ्याची आशा होती कीं पांढरा वसुली करील. पांढऱ्यानें वसुलीच नाकारल्यावर तो बचाव अधांतरीं राहिला.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. पांढऱ्याचा वजीर मध्यावर आला, तेथून राजाच्या बाजूस सरकला, आणि तिसऱ्या पट्टींत येऊन काळ्याच्या घोड्यापुढच्या प्याद्यावर रोखून उभा राहिला. काळ्यास तें प्यादें एक घर पुढें घ्यावें लागलें, आणि त्या बाजूचीं काळीं घरें उघडीं पडलीं. पंधराव्या खेळीला कास्पारोवचा वजिराच्या बाजूचा उंट त्या उघड्या घरांपैकीं एका घरांत, शत्रूच्या गोटांत, जाऊन बसला. काळ्याचा किल्लेकोट राहिला. अँडरसनचा उंट ज्या वाटेनें गेला तिच्या उलट दिशेची ही वाट, पण काम तेंच. आनंदनें आणखी एक प्यादें घेतलें. अठराव्या खेळीला उंटापुढचें प्यादें चालून गेलें आणि मध्यभाग फुटला. पंचविसाव्या खेळीला पांढऱ्याचा हत्ती राजाच्या पट्टींत आला व आनंदनें डाव सोडला. त्या क्षणीं पांढऱ्याचीं दोन प्यादीं कमी होतीं. काळ्याचे दोन्ही हत्ती आपल्या मूळ घरांतून हाललेही नव्हते. वजिराचें बलिदान नाहीं, हत्तीचें नाहीं, घोड्याचें नाहीं. मात तर पटावर झालीच नाहीं.

आपल्या माणसाच्या पराभवाचें एवढें कौतुक कां, असें कोणी आम्हांस विचारील. आनंदानें पुढें जगज्जेतेपद मिळविलें, तेंही एकाहून अधिक वेळां. त्याच्या कीर्तीस या एका डावानें उणेपणा येत नाहीं. उलट या डावास मोल आहे तें समोर आनंद होता म्हणूनच. ड्यूफ्रेननें घोडा घेतला. फाइननें प्यादीं घेतलीं. आनंदनें असें कांहींच अविचारानें घेतलें नाहीं. त्यानें जो बचाव केला तो जाणत्यांनीं पसंत केलेला होता, आणि पुढील खेळ्यांतही अमुक एक खेळी ढोबळ चूक म्हणून बोट ठेवणें सोपें नाहीं. तो हळूहळू श्वास कोंडून हरला. चढाईनें प्रतिपक्ष्याच्या दोषाची वाट न पाहतां त्याच्या गुणांवर मात करावी, ही जी आमची अपेक्षा, ती या पंचवीस खेळ्यांत सदाहरित डावापेक्षां अधिक पुरी होते. आणि म्हणून, जुन्यांविषयीं आदर राखूनही, दोहोंत श्रेष्ठ कोणता असें कोणी विचारल्यास आम्ही रीगाच्या डावाकडे बोट दाखवूं.

याविरुद्ध एक आक्षेप येण्याजोगा आहे, आणि तो वजनदार आहे. कास्पारोवचें हें यश अनपेक्षित हत्यार बाहेर काढल्याचें यश होतें, समोरच्यास घरीं बसून तयारीला वेळ मिळाला असता तर तें मिळतेंना, असें कोणी म्हणूं शकेल. अनपेक्षितपणाचा वांटा आम्ही नाकारीत नाहीं. ज्या पाठ्यपुस्तकांनीं शंभर वर्षें या गँबिटास संपलेला म्हणून सांगितलें, त्यांच्यावर विसंबून सारी दुनियाच बेसावध होती. परंतु बेसावधपणा सातव्या खेळीपर्यंतच पुरतो. त्यापुढें आनंदाजवळ पट होता, घड्याळ होतें, आणि जगांतील पहिल्या दोघा-चौघांतील बुद्धि होती. तेथून पुढच्या अठरा खेळ्या कोणत्याही पुस्तकाच्या आधारानें जिंकलेल्या नाहींत.

मुलांस बुद्धिबळ शिकविणारे हल्लीं पुष्कळ ठिकाणीं या गँबिटापासून चढाईचे धडे देतात, हें ठीकच आहे. फक्त त्या धड्यांत सापळ्यांचाच भरणा असतो. अमुक प्यादें घेतलें तर अमुक खेळ्यांत मात, अशा कोष्टकांनीं मुलगा आठवडाभर शेजाऱ्यास हरवितो आणि पुढच्या आठवड्यांत लास्करचा बचाव माहीत असलेल्या पहिल्याच मुलाकडून हरतो. त्याऐवजीं शिक्षकांनीं बर्लिनचा डाव अकराव्या खेळीवर थांबवावा आणि विचारावें, हा उंट येथें कां आला? रीगाचा डाव सातव्या खेळीवर थांबवावा आणि विचारावें, समोरचें प्यादें कां घेतलें नाहीं? बर्लिनच्या डावांतील वजिराच्या मरणाची आकृती आम्हीं आजवर पुष्कळ पुस्तकांत पाहिली. रीगाच्या डावांत उंट मागें येऊन राजापुढें उभा राहिल्यानंतरचा, कांहींच घडत नसलेला पट एखाद्या संग्रहकारानें आकृती म्हणून छापल्याचें मात्र अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.